पूर्वजांच्या मृत्यूची नोंद : शोध आणि बोध

आपल्या समाजात पूर्वजांचे स्मरण घरोघरी होत असते. पितृपक्षात पणजोबांच्या नावाने पान वाढले जाते, श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो, भिंतीवर एखादी धूसर झालेली तसबीर असते. परंतु त्या पूर्वजांचे निधन नेमके कोणत्या वर्षी झाले, असा साधा प्रश्न केला तर उत्तरे मोठी गमतीची मिळतात. 'मोठ्या साथीत गेले', 'आजोबा पाळण्यात होते तेव्हा', 'भूकंपाच्या आदल्या वर्षी'. तिथी घराला मुखोद्गत असते. साल मात्र कोणालाच ठाऊक नसते.

वंशावळ तयार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला हा अनुभव येतो. जन्माचा पुरावा शाळेच्या दाखल्यात, नोकरीच्या सेवापुस्तकात किंवा पत्रिकेत पुन्हा पुन्हा डोकावतो. मृत्यू मात्र एकदाच लिहिला जातो, तोही घाईगर्दीत, शोकाकुल प्रसंगी आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तोंडून ऐकून. मृत्यूची नोंद ज्याच्या नावाची असते त्याने ती कधीच केलेली नसते. ती मागे राहिलेल्यांनी केलेली असते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर न सापडणाऱ्या नोंदीचा शोध बराचसा सुकर होतो. मृत व्यक्ती कोठे राहत होती, एवढेच विचारून भागत नाही. मृत्यू कोठे झाला, तो कोणी कळविला, कोणत्या नावाने कळविला आणि तो कळविण्याची गरज कोणाला होती, हे चार प्रश्न विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात याच चार प्रश्नांच्या आधारे शोधाची दिशा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एका तारखेचे मोल

हा शोध केवळ हौसेचा विषय आहे, असे समजण्याचे कारण नाही. वडिलोपार्जित शेतजमीन, गावठाणातील घर, जुने समभाग, बँकेतील विस्मृतीत गेलेली ठेव, अशा प्रत्येक ठिकाणी वारसा ठरविताना मृत्यूचा दिनांक विचारला जातो आणि कित्येकदा त्या एका दिनांकावर सारा निर्णय अवलंबून असतो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्या दिवसापासून पुढे मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत मुलाच्या बरोबरीने मुलगी, पत्नी आणि आई यांना स्थान मिळाले. त्यापूर्वी झालेल्या मृत्यूला मात्र जुना हिंदू कायदा आणि विधवांच्या हक्कांसंबंधीचा १९३७ चा अधिनियम लावून पाहावा लागतो. १९५२ साली निधन पावलेल्या एका गृहस्थाच्या मिळकतीचा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. पित्याचा मृत्यू १९५६ च्या कायद्यापूर्वी झाला असून त्याच्या मागे पत्नी व मुलगी असल्यास मुलीला त्या मिळकतीत वारसाहक्क पोहोचत नाही, असा निर्णय न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे मृत्यूनंतर सत्तर वर्षे लोटली तरी त्या मृत्यूचे साल जिवंतच होते. पणजोबा १९५५ च्या दिवाळीत गेले की १९५६ च्या, हा प्रश्न एखाद्या घरातील आत्याच्या हक्काचा प्रश्न असू शकतो.

मृत्यूंचा क्रमही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मुलगा आधी गेला की वडील, पती आधी गेला की पत्नी, यावर मिळकतीचा प्रवाह कोणत्या शाखेकडे वळला हे ठरते. म्हणूनच 'सोयीची' तारीख धरून चालण्याचा मोह येथे सर्वांत घातक असतो. अंदाजाने लिहिलेली तारीख शपथपत्रात गेली की ती अंदाज राहत नाही. ती कोणाच्या तरी विरुद्ध पुरावा बनते.

नोंद हाती का लागत नाही?

पहिले कारण स्थळाचे. मृत्यूची नोंद मृत व्यक्तीच्या मूळ गावी होत नाही. मृत्यू जेथे घडला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे तत्त्व हेच आहे. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कामगार, प्रसूतीसाठी माहेरी गेलेली सून, उपचारासाठी मिरजेस नेलेला रुग्ण, काशीयात्रेस निघालेली आजी, या साऱ्यांच्या नोंदी घरच्या गावात शोधून सापडणार नाहीत. चालत्या वाहनात मृत्यू झाल्यास वाहन जेथे प्रथम थांबेल तेथे माहिती देण्याचा नियम आहे. आगगाडीत निधन पावलेल्या प्रवाशाची नोंद म्हणूनच त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या गावी असू शकते.

दुसरे कारण खबर देणाऱ्याचे. १९६९ च्या अधिनियमाने ही जबाबदारी निश्चित केली आहे. घरातील मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखाने, रुग्णालयातील मृत्यूची वैद्यकीय अधिकाऱ्याने, तुरुंगातील मृत्यूची तुरुंगाधिकाऱ्याने, धर्मशाळा वा वसतिगृहातील मृत्यूची तेथील व्यवस्थापकाने आणि मळ्यांतील मृत्यूची तेथील अधीक्षकाने द्यावयाची असते. त्रयस्थाने दिलेल्या माहितीत नावाचे, वयाचे आणि गावाचे रूप पालटते. 'वय सुमारे ४०' अशी नोंद पाहून आपला माणूस ३३ वर्षांचा होता म्हणून ती सोडून देणे योग्य नव्हे.

तिसरे कारण नावाचे. आडनाव सर्वत्र लावण्याची रीत आपल्याकडे तुलनेने अलीकडची. जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वल्द तमुक' अशी पद्धत असे. 'बिन' आणि 'वल्द' या दोहोंचा अर्थ 'चा मुलगा'. स्त्रियांच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' हा शब्द आणि नंतर पतीचे नाव येते. त्यातच लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. घरात 'काकी' वा 'माई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीचे सासरचे नावच नातवंडांना ठाऊक नसते. अर्भकांच्या मृत्यूची नोंद तर पुष्कळदा नावाविनाच, केवळ बापाच्या नावाने असते.

चौथे कारण काळाचे. १९६९ चा अधिनियम देशाच्या बहुतेक भागांत १९७० पासून लागू झाला आणि त्यानंतर नोंदणीला सर्वत्र एकसारखे स्वरूप आले. त्यापूर्वी प्रांतोप्रांती आणि संस्थानोसंस्थानी निरनिराळे नियम होते. बंगाल प्रांतात १८७३ साली स्वतंत्र कायदा झाला. १८८६ चा केंद्रीय कायदा स्वेच्छेने करावयाच्या नोंदणीपुरता होता. महाराष्ट्रातील खेड्यांच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या 'गाव नमुना नंबर १४' किंवा काही भागांत 'कोतवाल बुक' या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी ज्या टिकल्या त्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आढळतात. जुनी पाने मोडी लिपीत असतात. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातील कागद उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीतील नोंदी पोर्तुगीज भाषेत असतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांना त्या त्या संस्थानाच्या दप्तराकडे वळावे लागते.

पाचवे कारण आपत्तीचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हजारो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. घरझडती आणि विलगीकरण यांच्या धास्तीने कित्येक कुटुंबांनी मृत्यू लपविले. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे 'मानमोडी'च्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर उतरली, यावरून त्या संहाराची कल्पना येते. नोंद करणारे पाटील आणि कोतवाल स्वतःच अंथरुणावर असताना वही कोण भरणार? ज्या वर्षी सर्वाधिक माणसे मेली, नेमक्या त्याच वर्षीच्या वह्या सर्वांत अपुऱ्या, असा हा विपर्यास आहे.

तिथीकडून तारखेकडे

कौटुंबिक परंपरेत जे जपले जाते त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे. वार्षिक श्राद्धाची तिथी ही बहुतेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली माहिती असते. साल अजमासाने निश्चित झाले की जुन्या पंचांगावरून त्या तिथीची इंग्रजी तारीख काढता येते. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो; इंग्रजी नववर्ष लागल्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हैदराबाद संस्थानाच्या फसली सनात साधारणतः ५९० मिळवावे.

स्थळ बदलले की महिनाही बदलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात पौर्णिमेला. आपला भाद्रपद वद्य पक्ष तिकडे आश्विन कृष्ण पक्ष म्हणून ओळखला जातो. काशी वा प्रयाग येथे निधन पावलेल्या पूर्वजाच्या बाबतीत हा फरक विचारात न घेतल्यास एका महिन्याची चूक सहज होते.

पितृपक्षातील तिथीही बोलकी असते. ज्या स्त्रीचे श्राद्ध घरात अविधवा नवमीला होत असे, ती पतीच्या हयातीत सवाष्णपणी गेलेली असते. मृत्यूंचा क्रम ठरविण्यास याहून सोपी खूण क्वचितच मिळेल. चतुर्दशीचे श्राद्ध शस्त्राने वा अपघाताने आलेल्या मृत्यूकडे बोट दाखविते. तसे असल्यास पोलीस पाटलाचा किंवा पोलीस ठाण्याचा कागद निर्माण झालेला असण्याचा संभव असतो. केवळ सर्वपित्री अमावास्येलाच पान वाढले जात असेल तर तिथीही अज्ञात आहे, असे समजावे. बेपत्ता झालेल्या व्यक्तीचा पालाशविधी करून उत्तरक्रिया केलेली असल्यास घरात पाळली जाणारी तिथी मृत्यूचीच असेल, असे खात्रीने म्हणता येत नाही.

मागे राहिलेल्यांचे कागद

मूळ नोंद मिळत नसेल तेव्हा मृत्यूमुळे जिवंतांच्या व्यवहारात काय बदल झाला, ते पाहावे. कर्ता पुरुष गेला की जमिनीवर वारस लागतात, निवृत्तिवेतन थांबते किंवा पत्नीच्या नावे सुरू होते, विम्याचा दावा दाखल होतो, कर्जाचा हिशेब नव्याने मांडला जातो. हे सर्व कागद म्हणजे त्या मृत्यूच्या पाऊलखुणाच होत.

यांत प्रथम स्थान फेरफार नोंदवहीचे, म्हणजे गाव नमुना ६ चे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. वारसाच्या फेरफारात खातेदार कधी मयत झाला व त्याच्या मागे कोण वारस आहेत, हे लिहिलेले असते. 'अ.पा.क. आई' असा शेरा दिसल्यास 'अज्ञान पालन कर्ती आई' असा त्याचा अर्थ. म्हणजे बाप गेला तेव्हा मुले लहान होती. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; हा शेरा एका भावाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेला की मध्यंतरी काय घडले असावे, याचा तर्क करता येतो. तथापि फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसनोंद पुष्कळदा दोन-चार वर्षांनी, क्वचित एका पिढीनंतरही होते. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांतील जुन्या फेरफारांच्या प्रतिमा आता संगणकावर पाहावयास मिळतात.

दुसरे स्थान घरच्या हिशेबाच्या वह्यांचे. सावकारी, दुकानदारी किंवा मोठी शेती असलेल्या घरांत रोजकीर्द आणि खतावणी ठेवीत. दहाव्या-तेराव्याचा खर्च, दानदक्षिणा, अस्थी नेणाऱ्याचे प्रवासभाडे यांच्या नोंदी रोजकीर्दीत तारीखवार सापडतात. भावनेच्या भरात माणूस तारीख विसरतो, पण खर्च लिहावयास विसरत नाही. याउलट मृत्यूची वार्ता देणारे पत्र मात्र घरात मिळण्याची आशा धरू नये. असे पत्र वाचून लगेच फाडून टाकण्याचीच रीत होती.

तिसरे स्थान तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, प्रयाग, हरिद्वार येथील पुरोहितांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. अस्थिविसर्जनास किंवा पिंडदानास आलेला पुरुष आपल्या हाताने नाव, गाव, येण्याचा दिवस आणि घरातील हयात व मयत माणसांचा तपशील लिहून देत असे. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने घेऊन ठेवली आहेत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या दफननोंदी, मुस्लिम कुटुंबांसाठी कब्रस्तानाच्या वह्या व कबरींवरील लेख, तसेच शहरांतून स्मशानभूमीच्या नोंदवह्या याच प्रकारे उपयुक्त ठरतात. इंग्लंडमध्ये १९२१ पर्यंतच्या जनगणनेचे घरनिहाय तक्ते लोकांना पाहता येतात. आपल्या देशात जनगणनेची व्यक्तिगत माहिती गोपनीय असल्याने तो मार्ग उपलब्ध नाही.

सैन्यात असलेल्या पूर्वजांचा शोध काही वेळा आश्चर्यकारक सहजतेने लागतो. १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या सूचीत दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या हिंदी सैनिकांची नावे, पलटण, मृत्युदिनांक आणि पुष्कळदा पित्याचे नाव व गावही मिळते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मरण केलेले आहे. मेसोपोटेमियातील कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. 'पणजोबा लढाईवर गेले ते परत आले नाहीत', एवढीच आठवण असलेल्या घरांना बसरा येथील स्मारकाच्या नामावळीत उत्तर सापडू शकते. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहेत. १९४२ साली जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या लाखो हिंदी लोकांपैकी जे वाटेतच कोसळले, त्यांची नोंद मात्र कोण करणार होते? तेथे केवळ सोबत्यांनी पुढे सांगितलेली हकिकत हाच पुरावा उरतो.

दोन टोकांचा ताळमेळ

बँकेत हिशेबाचा फरक शोधताना शेवटची जुळलेली बाकी आणि पहिली न जुळलेली बाकी निश्चित करतात व मधल्या व्यवहारांचीच छाननी करतात. मृत्यूच्या नोंदीचा शोधही असाच घ्यावा. व्यक्ती हयात असल्याचा शेवटचा लेखी पुरावा हे एक टोक. व्यक्ती हयात नसल्याचा पहिला लेखी पुरावा हे दुसरे टोक. या दोहोंमधील अंतर जितके कमी, तितका शोध सोपा आणि कमी खर्चाचा. कारण निबंधकाच्या वह्यांचा शोध वर्षवार घेतला जातो आणि त्याचे शुल्कही वर्षानुसार आकारले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबातील पणजोबा मुंबईच्या गिरणीत कामाला होते. ते 'तापाने गेले' असे घरात सांगतात. श्राद्धाची तिथी आश्विन वद्य पंचमी. गावच्या वहीत त्यांचे नाव नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात १९१७ सालचे त्यांच्या सहीचे गहाणखत मिळाले. १९२२ च्या वारस फेरफारात त्यांच्या मुलाचे नाव 'अ.पा.क. आई' या शेऱ्यासह लागलेले दिसले. शोधाचा टापू पाच वर्षांवर आला. त्यातच १९१८ हे मानमोडीचे वर्ष. शके १८४० मधील आश्विन वद्य पंचमी २४ ऑक्टोबर १९१८ च्या सुमारास येते आणि त्याच दिवसांत साथ शिगेला पोहोचलेली होती. आता शोध एका महिन्यावर आला.

पुढचा प्रश्न स्थळाचा. मुंबईतील मृत्यू असल्यास ते ज्या वस्तीत राहत त्या विभागाच्या महापालिकेच्या नोंदी पाहाव्या लागतील. खबर देणारा बहुधा खोलीतील गाववाला सोबती. त्याने आडनाव न सांगता नुसते नाव व बापाचे नाव सांगितले असण्याचा संभव अधिक. साथीमुळे ते गावाकडे निघाले असल्यास वाटेतील गावे आणि सासुरवाडी यांचाही विचार करावा लागेल. मृत्यूच्या दिवसाबरोबरच पुढील दोन-तीन महिन्यांची पानेही चाळावीत, कारण घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख यांत अंतर असते. मृत्यूचे कारण 'ताप' एवढेच लिहिलेले आढळेल. जुन्या वह्यांत पटकी, देवी, प्लेग अशा ठरावीक सदरांत न बसणारे बहुतेक मृत्यू त्याच सदरात जात. इतक्या खुणा जुळल्या तरच ती नोंद आपली मानावी. नुसत्या नावसाधर्म्यावर विसंबून दुसऱ्याचा पणजोबा आपल्या वंशावळीत आणून बसवू नये.

नोंद मिळाली, न मिळाली

१९६९ च्या अधिनियमाच्या कलम १७ अन्वये कोणीही विहित शुल्क भरून नोंदींचा शोध घेण्याची विनंती करू शकतो व मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागू शकतो. मात्र त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. नावात किंवा तपशिलात चूक असल्यास कलम १५ नुसार मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करण्याची तरतूद आहे. म्हणून हस्तलिखितात आढळणारा समासातील मजकूर वाचल्याशिवाय पान उलटू नये.

नोंद नसल्यास निबंधकाकडून अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र लेखी घ्यावे. एक वर्षाहून जुन्या मृत्यूच्या विलंबित नोंदणीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. अतिशय जुन्या मृत्यूचा प्रश्न हक्काशी निगडित असल्यास जाणकार वकिलाच्या सल्ल्याने दिवाणी न्यायालयाकडे दाद मागणे श्रेयस्कर.

सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही, तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर असतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये कायम ठेवले आहे. परंतु या गृहीतकामुळे मृत्यूची तारीख सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात २००४ साली स्पष्ट केले आहे. ज्याला विशिष्ट तारखेवर हक्क सांगावयाचा आहे, त्याने ती तारीख पुराव्याने शाबीत केली पाहिजे.

अशा वेळी शोधाची टिपणे उपयोगी पडतात. कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या वह्या पाहिल्या आणि त्यांत काय मिळाले नाही, हे दिनांकासह लिहून ठेवावे. 'सापडले नाही' हेदेखील एक फलित आहे. मात्र कोठे शोधले याची नोंद असेल तरच. वंशावळीत 'मृत्यू : १९१७ ते १९२२ च्या दरम्यान, बहुधा ऑक्टोबर १९१८' असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट, निश्चित आणि अनुमानित यांतील सीमारेषा राखणारी वंशावळच पुढील पिढीला विश्वासार्ह वाटते. दलालामार्फत 'जुना दाखला' मिळवून देण्याच्या आमिषाला तर कोणीही बळी पडू नये. बनावट दाखल्याने नोंद निर्माण होत नाही; फौजदारी गुन्हा मात्र निर्माण होतो.

पुढच्या पिढीसाठी

आज ज्या अडचणी आपल्याला भेडसावतात, त्याच आपल्या नातवंडांना भोगाव्या लागू नयेत, एवढी काळजी प्रत्येक घराला घेता येण्याजोगी आहे. घरात मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत नोंद झाल्याची खातरजमा करावी. रुग्णालयाने कळविले असेल असे गृहीत न धरता उतारा प्रत्यक्ष वाचून पाहावा. मृताचे नाव आधार कार्ड, सातबारा, बँकेचे खाते आणि मृत्यूचा दाखला यांत एकसारखे आहे ना, हे लगेच तपासावे; वर्षभरानंतर तीच दुरुस्ती जिकिरीची होते. दाखल्याच्या एकाहून अधिक प्रती घेऊन त्यांतील एक घरच्या कागदपत्रांत कायम ठेवावी.

बँकेच्या संदर्भात खातेदाराच्या निधनाची सूचना शाखेला वेळेवर देणे आणि प्रत्येक खात्यास नामनिर्देशन करून ठेवणे, या दोन गोष्टींनी वारसांची निम्मी दगदग वाचते. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. त्या बुडत नाहीत. वारसांना संबंधित बँकेमार्फत त्या मागता येतात. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. परंतु ठेवीचा पत्ता लागल्यावरही ठेवीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतोच, आणि शोध पुन्हा त्याच जुन्या वहीपाशी येऊन थांबतो.

येत्या पितृपक्षात पूर्वजांच्या नावाने पान वाढताना घरातील वडीलधाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा : 'त्या वेळी तुम्ही किती वर्षांचे होता? कोठे राहत होता? निरोप कोणी आणला?' मिळेल ते उत्तर त्यांच्याच शब्दांत, दिनांक घालून लिहून ठेवावे. सरकारी दप्तरातील वही आणखी पन्नास वर्षांनीही जागेवर असू शकेल. ती कोणत्या पानावर उघडावी हे सांगणारे माणूस मात्र त्या वेळी असणार नाही.